चार वॅटचा शेजार : प्रस्तावना

अमेरिकेत सिटिझन्स बँड रेडिओवर, ज्याला सगळे नुसतं ‘सीबी’ म्हणतात त्यावर, एएम पद्धतीनं बोलायचं तर कायद्यानं चार वॅटची मर्यादा आहे. देवघरातला छोटा एलईडी दिवा साधारण तेवढीच वीज खातो. एवढ्या शक्तीवर धावत्या गाडीतून बोललेलं मोकळ्या सपाट मुलखात दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोचतं. डोंगरात किंवा शहरात तीन-चार किलोमीटरांतच विरून जातं. बहुतेकांना हा या यंत्राचा कमकुवतपणा वाटतो. मला मात्र त्याचं सगळं मोल इथूनच सुरू होताना दिसतं. आवाज फार लांब जात नाही, त्यामुळे तो ज्याच्या कानी पडतो तो माणूस त्याच रस्त्यावर, त्याच पावसात, त्याच कोंडीत असतो आणि तुमच्या बोलण्याचा त्याला उपयोग असतो. शक्ती वाढवता येत नाही, त्यामुळे हाती असलेले चार वॅट वाया जाऊ नयेत म्हणून अँटेना, केबल आणि गाडीचा पत्रा यांच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. रेडिओ बसवण्याची कारागिरी आणि रेडिओवर बोलण्याची रीत, दोन्ही या एका आकड्यातून आल्या आहेत. या पुस्तकात त्यांची ताटातूट झालेली नाही, म्हणून ही प्रस्तावना मी आनंदानं लिहीत आहे.

लेखकांची उभी हयात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात ट्रकच्या वायरिंगच्या कामात गेली. त्यांना रेडिओ कळतो आणि ट्रकवालेही कळतात. गाडीतल्या सीबीबद्दल मराठीत स्वतंत्र पुस्तक माझ्या पाहण्यात आलेलं हे पहिलंच, त्यामुळे अगदी नवख्या वाचकासाठी दोन शब्द आधी सांगायला हवेत.

सीबी ही २७ मेगाहर्ट्झच्या आसपासची लहरींची एक छोटी पट्टी. अमेरिकेत तिची ४० चॅनेल पाडली आहेत. पहिलं २६.९६५ मेगाहर्ट्झवर, चाळिसावं २७.४०५वर. या लहरींची लांबी साधारण ११ मीटर, म्हणून जुनेजाणते तिला ‘अकरा मीटर’ही म्हणतात. मध्ये मनोरा नाही, कंपनी नाही, नंबर लावणं नाही, महिन्याचं बिल नाही. माइकचं बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. एका वेळी एकानंच बोलायचं आणि त्या चॅनेलवर असलेल्या सगळ्यांनी ते ऐकायचं. खासगी असं इथं काही नसतं. हॅम रेडिओशी याची नेहमी गल्लत होते. हॅमसाठी परीक्षा द्यावी लागते, सरकारकडून सांकेतिक नाव मिळतं, कितीतरी पट्ट्या आणि बरीच जास्त शक्ती वापरता येते. सीबीला अमेरिकेत परीक्षा कधीच नव्हती आणि आज परवानाही लागत नाही. दुकानातून सेट आणावा, नीट बसवावा आणि बोलावं.

सामान्य नागरिकाला स्वतःचा बिनतारी संच मिळावा, ही कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीची. १९४५ साली अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं, म्हणजे एफसीसीनं, त्यासाठी ४६० ते ४७० मेगाहर्ट्झची पट्टी राखण्याचा प्रस्ताव मांडला. वॉकी-टॉकीच्या आद्य संशोधकांपैकी अल ग्रॉस यांनी सिटिझन्स रेडिओ कॉर्पोरेशन नावाची कंपनी काढली आणि १९४८मध्ये त्यांच्या संचाला एफसीसीची मान्यता मिळाली. पण इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर स्वस्तात नीट चालणारं यंत्र बनवणं त्या काळी अवघड होतं. पल्ला तोकडा आणि किंमत भारी, अशी गत झाली. मग १९५८ साली एफसीसीनं हॅम मंडळींकडची ११ मीटरची पट्टी काढून घेतली आणि २३ चॅनेल नागरिकांना दिली. आज आपण ज्याला सीबी म्हणतो ती ही. हॅमवाल्यांच्या मनात तो सल पुढे कित्येक वर्षं राहिला.

सुरुवातीचे वापरणारे होते प्लंबर, टॅक्सीवाले, शेतकरी, होड्या बाळगणारे, छोटे दुकानदार. परवाना घ्यावा लागे आणि नियमांप्रमाणे कामापुरतंच बोलावं लागे, गप्पांना मनाई. १९६२मध्ये ‘रिअ‍ॅक्ट’ ही स्वयंसेवकांची संघटना सुरू झाली. तिचे लोक रेडिओपाशी बसून अडल्यानडल्याची हाक ऐकत आणि पोलिसांना किंवा दवाखान्याला कळवत. चॅनेल ९ संकटकाळासाठी राखून ठेवलं गेलं, त्यामागे याच कामाचं पुण्य आहे.

आणि मग १९७३ उजाडलं. अरब देशांनी तेल रोखलं, अमेरिकेतल्या पंपांवर रांगा लागल्या, डिझेल महागलं. स्वतःचा ट्रक स्वतः चालवणाऱ्यांचं सगळं गणित मैलांवर चालायचं. त्यांच्यावर २ जानेवारी १९७४ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केलेल्या कायद्यानं देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा आली. डिझेल कुठल्या पंपावर आहे, पोलीस कुठं दबा धरून बसलेत, हे कळणं पोटापाण्याचा प्रश्न झालं. सीबी हाताशी होताच. डिसेंबर १९७३मध्ये ट्रकवाल्यांनी निषेध म्हणून महामार्ग अडवले, तेव्हाही निरोप सीबीवरून फिरले. दूरचित्रवाणीवर ते पाहून सामान्य अमेरिकनाला पहिल्यांदा समजलं, की महामार्गावर धावणारी ही माणसं सदोदित एकमेकांशी बोलत असतात.

त्यानंतरची तीन-चार वर्षं म्हणजे निव्वळ उधाण होतं. सी. डब्ल्यू. मॅक्कॉल यांचं ‘कॉन्व्हॉय’ हे गाणं १९७५च्या अखेरीस आलं आणि जानेवारी १९७६मध्ये लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९७७मध्ये ‘स्मोकी अँड द बँडिट’ आणि १९७८मध्ये सॅम पेकिनपा यांनी दिग्दर्शित केलेला ‘कॉन्व्हॉय’ हे चित्रपट आले. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड ‘फर्स्ट ममा’ या टोपणनावानं सीबीवर बोलत. टोपणनाव हा या जगाचा पहिला रिवाज. खऱ्या नावाशी कुणाला देणंघेणं नसतं. पोलिसाला ‘स्मोकी’ म्हणायचं, वजनकाट्याला ‘कोंबड्यांचं खुराडं’ आणि रस्त्यावर पडलेल्या फाटक्या टायरच्या सालपटाला ‘मगर’. पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेतले दहाच्या आकड्यानं सुरू होणारे संकेतही यांनी उचलले. ‘टेन-फोर’, म्हणजे ‘समजलं’, हा त्यांतला सर्वांत गाजलेला. परवान्याच्या अर्जांचे ढीग एफसीसीला उरकेनात. १ जानेवारी १९७७पासून २३ची ४० चॅनेल झाली आणि १९८३मध्ये वैयक्तिक परवानाच रद्द झाला.

उधाण ओसरलं ते का, याचं उत्तर लेखकांनी एका वाक्यात गुंडाळलेलं नाही, ही मला जमेची बाजू वाटते. मोबाइल फोनच्या माथी सगळं मारायची सवय आहे, पण मोबाइल सामान्यांच्या हाती यायच्या कितीतरी आधीच सीबीला ग्रहण लागलं होतं. एकाच चॅनेलवर शेकडो माणसं दाटली. एएमवर दोघं एकाच वेळी बोलले की ऐकणाऱ्याच्या कानात नुसती शीळ वाजते; दोघांपैकी कुणाचंच कळत नाही. त्यात सूर्यावरच्या डागांचं चक्र १९७९च्या सुमाराला टोकाला पोचलं. अशा काळात वातावरणाच्या वरच्या थरातलं आयनावरण २७ मेगाहर्ट्झच्या लहरी परत खाली वळवतं आणि हजार-दोन हजार किलोमीटर दूरचे आवाज तुमच्या चॅनेलवर येऊन आदळतात. त्यांच्या खाली शेजारच्या ट्रकचा आवाज गाडला जातो. काहींनी यावर उपाय म्हणून बेकायदा अ‍ॅम्प्लिफायर लावले आणि गोंधळ आणखी वाढवला. चार वॅटची शिस्त मोडली तशी शेजारधर्माचीही मोडली.

इतर देशांत हाच प्रवाह निराळ्या वळणांनी गेला. ब्रिटनमध्ये लोक अमेरिकन बनावटीचे एएम सेट चोरून वापरत होते. सरकारनं २ नोव्हेंबर १९८१पासून सीबी कायदेशीर केला खरा, पण वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर आणि फक्त एफएमवर; एएमला मान्यता मिळायला २०१४ उजाडलं. युरोपात हळूहळू समान मापं ठरली. पोलंडमधले ट्रकचालक चॅनेल १९ आणि रशियातले चॅनेल १५ वापरतात, दोन्हीकडे एएमवर. ऑस्ट्रेलियानं १९७७मध्ये २७ मेगाहर्ट्झबरोबर ४७७ मेगाहर्ट्झच्या आसपासची यूएचएफ पट्टीही खुली केली, आणि माझ्या मते हा सगळ्यांत शहाणा निर्णय होता. तिथं आयनावरणाचा उपद्रव नाही, आवाज एफएमचा, स्वच्छ, अँटेना आखूड आणि मध्ये आवाज पुढे पाठवणारे रिपीटर लावायचीही सोय. आज त्या पट्टीत ८० चॅनेल आहेत. महामार्गावर ४०, कॅरॅव्हॅनवाल्यांचं १८, संकटासाठी ५ आणि ३५. कोसच्या कोस वस्ती नसलेल्या रस्त्यावर तीन-तीन ट्रेलर ओढणारी रोड ट्रेन समोर असेल, तर पुढे जाण्याआधी तिच्या चालकाला रेडिओवर विचारणं ही तिथली रीतच आहे.

या जगात घराणी आहेत, आणि नवख्यानं आपण कुठल्या घराण्यात शिरतो आहोत हे ओळखून घ्यावं. सगळ्यांत मोठं घराणं ट्रकवाल्यांचं. चॅनेल १९, एएम, दोन वाक्यांत काम. दुसरं सिंगल साइडबँडवाल्यांचं. त्यांना कायद्यानं १२ वॅट मिळतात, आवाज अर्ध्याच पट्ट्यात मावतो, क्लॅरिफायरची गुंडी बारकाईनं फिरवून समोरच्याचा सूर जुळवावा लागतो. ही मंडळी वरच्या चॅनेलांवर दूरच्या हाका शोधत बसतात. अमेरिकेत ठरावीक अंतरापलीकडच्या माणसाशी बोलायला पूर्वी बंदी होती. ती २०१७मध्ये उठली. तिसरं घराणं जीप घेऊन डोंगरदऱ्यांत जाणाऱ्यांचं. हे लोक अलीकडे जीएमआरएस नावाच्या ४६२-४६७ मेगाहर्ट्झच्या सेवेकडे वळू लागले आहेत. तिथं ५० वॅटपर्यंत मुभा आहे आणि परीक्षा न देता दहा वर्षांचा परवाना मिळतो. अ‍ॅम्प्लिफायरवाल्यांचंही एक घराणं आहेच, पण पुस्तकात त्याचा उल्लेख फक्त दंड आणि धोका सांगण्यापुरता येतो, आणि तेच योग्य.

आता गाडीत सेट बसवण्याकडे. नवखा माणूस सगळे पैसे सेटवर घालतो आणि उरलेल्या चिल्लरमध्ये अँटेना घेतो. खरं तर सगळ्या सेटची शक्ती कायद्यानं सारखीच. फरक पाडते ती अँटेना आणि ती बसवणारा हात. २७ मेगाहर्ट्झवर पाव लहरीची अँटेना सुमारे २.७ मीटर लांब होते. १०२ इंचांची पोलादी काडी आणि खाली स्प्रिंग, अशी ही पूर्ण लांबीची अँटेना अजूनही जीपच्या मागच्या बंपरवर डुलताना दिसते. पण ती पुलाखाली, पंपाच्या छताखाली अडते. म्हणून बाकीच्या बहुतेक अँटेना कॉइल घालून आखूड केलेल्या असतात. कॉइल तळाशी, मधोमध किंवा टोकाकडे. जितकी आखूड तितकी तिची कार्यक्षमता कमी आणि जुळवणी नाजूक.

अँटेनाचा अर्धा भाग डोळ्यांना दिसतो. उरलेला अर्धा म्हणजे गाडीचा पत्रा. छताच्या मधोमध बसवलेली चुंबकी तळाची अँटेना चारी दिशांना सारखं बोलते. मागच्या डाव्या कोपऱ्यात बसवली, तर ती पुढे-उजवीकडे जास्त जोरात बोलते, कारण पत्रा त्या बाजूला जास्त असतो. आधुनिक ट्रकच्या केबिनला बाहेरून फायबरग्लास असतो. तिथं आरशाच्या कंसावर अँटेना बसवायची तर कंस ते शासी असा जाड विणीचा ग्राउंड पट्टा घालावाच लागतो. दाराच्या बिजागऱ्यांतलं ग्रीस आणि रंग वीज जाऊ देत नाहीत, हे लेखकांनी ज्या तळमळीनं सांगितलं आहे त्यावरून असे किती ट्रक त्यांच्या हाताखालून गेले असतील याचा अंदाज येतो. ट्रकच्या दोन्ही आरशांवर दिमाखात उभ्या असणाऱ्या जोड अँटेनांबद्दलही त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. त्या एकमेकींपासून सुमारे अडीच-पावणेतीन मीटरवर असतील आणि ७५ ओहमच्या केबलनं जोडल्या असतील, तरच पुढच्या-मागच्या दिशेला फायदा. छोट्या मोटारीवर त्या नुसती शोभा.

विजेचं सांगायचं तर, सेटच्या दोन्ही तारा थेट बॅटरीपर्यंत न्याव्यात आणि फ्यूज बॅटरीजवळच घालावा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर सेट चालतो, पण गाडी रेस केली की आल्टरनेटरची शीळ चढत-उतरत आवाजात घुसते. अमेरिकेतले ट्रक १२ व्होल्टचे. युरोपातले आणि आपल्याकडचे मोठे ट्रक २४ व्होल्टचे. १२ व्होल्टचा सेट २४वर जोडला की तो कायमचा गेला. केबल ५० ओहमची, आरजी-५८ किंवा तिच्यासारखी. ती दारात चेमटू देऊ नये आणि उरलेल्या लांबीचं घट्ट वेटोळं करून सीटखाली कोंबू नये.

मग येते जुळवणी, आणि पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला भाग इथं आहे. गाडी मोकळ्या मैदानात न्यायची, भिंती, झाडं, दुसऱ्या गाड्या यांपासून दूर. दारं, बॉनेट बंद. उघड्या दारानंही आकडा बदलतो. अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर सेट आणि अँटेनाची केबल यांच्या मधे जोडायचा. चॅनेल १ लावायचं, कुणी बोलत नाही ना हे आधी ऐकायचं, मग बटण दाबून काटा ‘सेट’च्या खुणेवर आणायचा, स्विच पलटायचा, आकडा वाचायचा आणि बटण सोडून तो लिहून ठेवायचा. हेच २० आणि ४०वर. चाळीसवर आकडा जास्त असेल तर अँटेना लांब आहे, टोकाचा स्क्रू आत घ्यायचा. एकवर जास्त असेल तर ती आखूड आहे, स्क्रू बाहेर काढायचा. एका वेळी अर्धा फेरा, त्याहून जास्त नाही. १.५च्या आत आलं की उत्तम, २पर्यंत चालतं. ३च्या वर असेल तर बोलायचंच नाही, कारण अँटेनाकडून परत फिरलेली शक्ती सेटच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला भाजते. तिन्ही ठिकाणी आकडा ३च्या वर असेल तर स्क्रूशी झटापट करण्यात अर्थ नाही. कुठं तरी शॉर्ट आहे किंवा ग्राउंड मिळालेलं नाही. या अर्ध्या-पाऊण तासाच्या कामाला पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि चार वॅटवरच्या सेटसाठी याहून मोठी मेहेरबानी कुणी करू शकत नाही.

बोलण्याची शिस्त याच जातीची आहे. स्क्वेल्चची गुंडी खरखर नुकती थांबेल तिथपर्यंतच फिरवावी; त्यापुढे गेलात तर दूरची क्षीण हाक तुमच्यापर्यंत येतच नाही, आणि कदाचित तीच महत्त्वाची असते. माइक तोंडापासून चार बोटं दूर धरावा, ओरडू नये, बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावं. आपण कुठं आहोत हे रस्ता, दिशा आणि मैलाचा दगड या क्रमानं सांगावं. इंटरस्टेट ८०वर कुणी म्हणतं, “पूर्वेकडे जाणाऱ्यांनो, दोनशे बाराच्या दगडाशी डाव्या लेनमध्ये मगर पडली आहे.” क्षणभर शांतता, मग कुठून तरी, “टेन-फोर, आभार.” एवढ्यात काम झालं. सांगणारा पुढे निघून गेला, ऐकणाऱ्यांनी लेन बदलली. कुणी कुणाला ओळखत नाही, पुन्हा भेट होण्याचा संभव नाही. अनोळखी माणसाच्या टायरची काळजी करणारं हे एक वाक्य मला या सगळ्या विषयाचं सार्थक वाटतं. एफसीसीचा पाच मिनिटांचा नियमही याच भावनेतला आहे. एवढं बोलून झालं की निदान मिनिटभर थांबून दुसऱ्याला वाट द्यायची.

चॅनेल १९वर शिवीगाळही चालते, वंशावरून आणि उच्चारांवरून टिंगलही चालते. उत्तर अमेरिकेतल्या ट्रकिंगमध्ये पंजाबी चालक मोठ्या संख्येनं आहेत, आणि असे शेरे भारतीय कानांना लागतात. लेखकांनी हे झाकलेलं नाही. अशा वेळी उत्तर न देता कामाची माहिती सांगत राहावं, हा त्यांचा सल्ला मला पटला. चॅनेल शेवटी ज्याच्या बोलण्याचा उपयोग होतो त्याचंच ऐकतं.

आज याचं काय काम, असा प्रश्न येणारच. फोनवरचा नकाशा कोंडी दाखवतो, पोलीसही दाखवतो. पण तो ‘पुढे गाडी थांबली आहे’ एवढं सांगतो. धुक्यात पुढचे तीन ट्रक आत्ता या क्षणी ब्रेक मारत आहेत हे सांगत नाही. वायोमिंगमध्ये हिवाळ्यात इंटरस्टेट ८० बर्फवाऱ्यानं बंद पडतो, तेव्हा मैलभर रांगेतल्या सगळ्यांना एकदम ऐकू जाईल असं साधन दुसरं नाही. बऱ्याच सेटमध्ये सरकारी हवामान केंद्रांचं प्रसारण ऐकण्याचीही सोय असते. २०१२पासून अमेरिकेत व्यावसायिक चालकांना गाडी चालवताना फोन हातात धरायला बंदी आली, त्या नियमानं सीबीला हात लावलेला नाही. २०२१मध्ये एफसीसीनं सीबीवर एफएमलाही परवानगी दिली. ज्याला कुणी सांभाळत नाही अशा वस्तूचे नियम कुणी सुधारत बसत नाही.

आणि आपल्याकडे? लडाख-स्पितीकडे ताफ्यानं जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना रेडिओची गरज खरोखर भासते. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम चालत नाहीत आणि पोस्टपेडलाही खिंडीत सिग्नल मिळेलच असं नसतं. अशा वाचकाच्या हाती हे पुस्तक पडलं तर त्यानं परदेशातून सेट मागवून छतावर अँटेना ठोकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. भारतात २००५च्या नियमांनुसार २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्टीत परवान्याची सूट आहे, पण ती पाच वॅटपर्यंतच्या आणि अंगचीच अँटेना असलेल्या यंत्रांना. बाहेरची लांब अँटेना लावलेला गाडीतला सेट त्यात बसत नाही. २०१८च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरच्या कमी शक्तीच्या वॉकी-टॉकींना मुभा दिली, आणि ताफ्यासाठी तीच वाट सरळ आहे. यंत्राला दूरसंचार खात्याची मान्यता आहे का हे विकत घेण्याआधी तपासावं. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या नियमबाह्य वॉकी-टॉकींवर २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं बडगा उगारला, तो उगीच नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये २०१९च्या दुरुस्तीनं गाडी चालवताना हातात धरायच्या संपर्कसाधनांचा समावेश झाला आहे. तेव्हा ताफ्यात रेडिओ शेजारी बसलेल्याच्या हाती असावा.

हे पुस्तक सेटची जाहिरात करत नाही आणि १९७६ सालच्या आठवणींत रमतही नाही. गाडीत सीबी बसवू पाहणाऱ्या माणसाला लेखक आधी पत्र्यापासून काट्यापर्यंत नेतात आणि मगच माइक हातात देतात. मधेमधे ट्रकस्टॉपवरची सीबी दुरुस्तीची दुकानं, चालकांच्या सवयी आणि नियमांमागची कारणं येतात, ती सांगण्याच्या ओघात येतात, सजावट म्हणून नव्हे. मला दोन उणिवा जाणवल्या. ऑस्ट्रेलियातल्या यूएचएफ सीबीला फारच थोडी पानं मिळाली आहेत. मेलबर्न-पर्थकडे स्थायिक झालेल्या आणि सुट्टीत कॅरॅव्हॅन घेऊन आत-आत जाणाऱ्या मराठी कुटुंबांना त्याहून जास्त हवं होतं. बॅटरीवर चालणाऱ्या मोटारींतल्या इन्व्हर्टरचा रेडिओवर होणारा खरखराट हाही विषय निसटता येतो, आणि येत्या काळात गाडीत सेट बसवणाऱ्यांना त्याच्याशीच जास्त झगडावं लागणार आहे. पुढच्या आवृत्तीत या दोन्हींची भर पडावी, असं मी लेखकांना कळवलं आहे.

वाचणाऱ्यानं हवं तिथून वाचावं, फक्त जुळवणीचं प्रकरण गाडीत सेट बसवायच्या आधी एकदा आणि बसवल्यावर मीटर हातात घेऊन पुन्हा एकदा वाचावं. शेवटी लेखकांनी चॅनेल १, २० आणि ४०चे आकडे लिहायला कोरे तक्ते दिले आहेत. ते पेन्सिलनं भरावेत, कारण केबल किंवा अँटेनाची जागा बदलली की मोजमाप पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.